बारा फोन, एक जीभ

हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीत तेरा माणसं होती. त्यांतली बारा कायम होती आणि एक तात्पुरती. ही तेरावी बाई गेली नऊ वर्षं तात्पुरती होती. तेवढ्या काळात भिंतीवरचं घड्याळ दोनदा बदललं, वाफेची प्रेस एकदा बदलली, हॉटेलचे मालक तीनदा बदलले, पण हिचं तात्पुरतेपण काही बदललं नाही. इतकी टिकाऊ वस्तू त्या इमारतीत दुसरी नव्हती. शेवटी लोकांनी तिचं नावच तात्पुरती ठेवलं. "ए तात्पुरते, चादरी आल्या बघ," अशी हाक यायची आणि तीही ओ द्यायची. रोज उठून चिडणार तरी किती?

तिला कायम व्हायचं होतं, बाकी काही नको होतं. मुलीला ताप आला की कायम माणूस रजा टाकतो. तात्पुरता माणूस मुलीला सासूच्या हवाली करून कामावर येतो, कारण एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दारावरचा माणूस यादी न बघताच "आज नको" म्हणतो. तिला हे चारदा ऐकावं लागलं होतं. चारही वेळा ती घरी परत गेली तेव्हा सासूने काही विचारलं नव्हतं, नुसतं पाणी दिलं होतं, आणि ते न विचारणंच तिला जास्त लागलं होतं.

यंदा हॉटेल समुद्रापलीकडच्या एका कंपनीने विकत घेतलं. नव्या मालकांना वाटलं, आपल्या नोकरांना आपली भाषा यावी. मालकांना असं वाटतंच. नोकरांची भाषा आपल्याला यावी असं मात्र आजवर कुठल्या मालकाला वाटल्याचं ऐकिवात नाही. मग एक तरुण प्रशिक्षणवाला तळघरात उतरला. गळ्यात दोरी, दोरीला ओळखपत्र आणि ओळखपत्रावर त्याच्याहून बराच देखणा फोटो.

"रोज फक्त पंधरा मिनिटं!" त्याने हात पसरून सांगितलं. "मोबाईलवर खेळता खेळता भाषा येईल. वही नको, मास्तर नको!"

त्याने प्रत्येकाच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात एक खार होती. उत्तर बरोबर आलं की ती शेपटी उडवायची आणि एक अक्रोड द्यायची. चुकलं की डोळे पुसायची. दिवसभरात धडा केला नाही तर संध्याकाळी मोठ्याने गळा काढायची. दहा हजार अक्रोड झाले की प्रमाणपत्र. लॉन्ड्रीतल्या लोकांनी तिला लगेच खारूताई म्हणायला सुरुवात केली. एवढं एक नाव ठेवलं आणि भाषेच्या बाबतीत त्यांचं सगळं योगदान तिथेच संपलं.

तात्पुरतीनेही आपला फोन पुढे केला. जुना होता, पण चालत होता.

"तुमचा कर्मचारी क्रमांक?" प्रशिक्षणवाल्याने विचारलं.

"मला नाही. मी रोजंदारीवर आहे."

"मग अ‍ॅप उघडणार नाही. क्रमांक लागतो."

"आणि क्रमांक कधी मिळतो?"

"कायम झालात की."

"आणि कायम कधी होणार?"

त्याने खिशातून नोटिशीची घडी काढली आणि चौथं कलम वाचून दाखवलं. रोजंदारी कामगारांना कायम करण्याचा विचार होईल, मात्र त्यांच्याकडे भाषेचं प्रमाणपत्र हवं. तात्पुरतीने मनातल्या मनात ते कलम एकदा पुढून आणि एकदा मागून फिरून पाहिलं. दोन्हीकडून ती दाराबाहेरच निघत होती. "छान आहे हो," ती म्हणाली. "लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा." प्रशिक्षणवाल्याने तेही टिपून घेतलं.

पहिल्या आठवड्यात बाराही जणांनी प्रयत्न केला. मग मुकादमांनी हात टेकले. त्यांचा हुद्दा सुपरवायझरचा, पण गेली सव्वीस वर्षं सगळे त्यांना मुकादमच म्हणत. सोडा आणि गरम पाण्याने त्यांची बोटं अशी जाड झाली होती की एका अक्षराला हात लावला तर शेजारची दोन आधी हजर होत. खारूताई दिवसभर डोळे पुसायची. घरचं कोणी रडायला लागलं तर मुकादम वर्तमानपत्र आडवं धरत, पण फोन वर्तमानपत्रामागेही ऐकू येतो.

"तात्पुरते," ते एका संध्याकाळी म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत. जरा हिचं रडं थांबव."

तात्पुरतीने प्रेसचं पायाखालचं पेडल दाबलं. प्रेस खाली आली की कपड्यावर वीस मोजेपर्यंत तशीच ठेवायची असते, आणि त्या वीस आकड्यांत माणसाला काही काम नसतं. तेवढ्यात तिने एक प्रश्न सोडवला. पुढच्या वीस आकड्यांत दुसरा. अर्ध्या तासात मुकादमांना साठ अक्रोड मिळाले आणि खारूताई नाचायला लागली. मुकादमांना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या पुढ्यातला उशांच्या अभ्र्यांचा ढीग उचलला आणि स्वतः करून टाकला. सव्वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याचा अभ्रा पहिल्यांदाच हातात धरला असेल.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी घड्या घालणाऱ्या काकू आल्या, मग वॉशिंग मशीनवाला आला, मग सगळेच. दर ठरला. एका फोनमागे चाळीस अभ्रे. सकाळी इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला बारा फोन ओळीने लागत आणि संध्याकाळी आपापल्या धन्याकडे पोटभर अक्रोड खाऊन परत जात. फोन म्हणे, "आता मोठ्याने म्हणा." ती प्रत्येक फोनला मोठ्याने म्हणून दाखवी. मुकादमांच्या फोनवर ती आवाज जाड करून बोले. खारूताईला सगळे आवाज सारखेच, त्यामुळे त्याची काही गरज नव्हती, पण तिला वाटे, माणसाचा मान ठेवावा.

धडे मात्र अजब होते. 'अस्वल छत्री विकत घेतं.' 'माझ्या काकांचं लोणी पिवळं आहे.' 'तुझी आत्या खिडकीत का उभी आहे?' ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कुणाशी बोलून पाहिलं होतं की नाही, देव जाणे. पण एकच धडा दिवसातून बारा वेळा केला तर तो दगडालाही पाठ होईल. बाकीच्या जगाला जे बारा वर्षांत आलं असतं ते तात्पुरतीला एका वर्षात आलं. वरच्या भागांत अस्वल मागे पडलं आणि कामाच्या जागा आल्या: कारखाना, खातं, रजा, करार. 'आमचा कारखाना सोमवारी बंद असतो.' 'तुम्हाला मान्य असेल तर हात वर करा.' घरी जाताना ती ही वाक्यं पुटपुटत चाले. सासूला आधी वाटलं, सुनेला काहीतरी झालं.

"कुणाशी बोलतेस ग?"

"कुणाशी नाही हो आई. नवी भाषा येतेय मला."

"ती आल्यावर कायम करतील?"

"मला नाही. बाकीच्यांना प्रमाणपत्र मिळेल."

सासूने हातातलं काम बाजूला ठेवलं. "म्हणजे दळण तुझं आणि पीठ त्यांचं," ती म्हणाली.

हे तात्पुरतीच्या मनाला चाटून गेलं, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुकादमांना गाठलं. "मुकादम, तुमचे सगळ्यांचे अक्रोड होत आले. माझं काय?"

"तुझं मी बघतो ना!" मुकादमांनी छातीवर हात ठेवला. "प्रमाणपत्रं वाटायला साहेब येतील. त्याच वेळी त्यांच्या कानावर घालतो. नऊ वर्षं बाई राबतेय म्हणतो. कलमाबिलमाचं काय घेऊन बसलीस? माझ्या शब्दाला मान आहे."

माणूस तसा वाईट नव्हता. फक्त त्याच्या शब्दाला मान आहे की नाही हे त्याने कधी तपासून पाहिलं नव्हतं. तात्पुरतीने विश्वास ठेवला, कारण दुसरं ठेवण्यासारखं जवळ काही नव्हतं.

वर्ष संपायच्या आत लॉन्ड्रीतल्या बाराही जणांचे दहा हजार अक्रोड झाले. सबंध हॉटेलात असं दुसरं खातं नव्हतं. स्वयंपाकघर अजून अस्वलाच्या छत्रीखाली उभं होतं. प्रमाणपत्रं आली, पण वाटायला साहेब आले नाहीत; ती नुसतीच चौकटीत बसवून लॉन्ड्रीच्या भिंतीवर ओळीने टांगली गेली. काकूंनी शेजारणींना सांगितलं, मला आता परकी भाषा येते. एका शेजारणीने म्हटलं, बोलून दाखवा की. "तुम्हाला समजणार आहे का?" काकू म्हणाल्या आणि विषय संपवला.

मग वरून पत्र आलं. कंपनीच्या एक मोठ्या बाई स्वतः येणार होत्या, खास लॉन्ड्रीच्या लोकांना भेटायला. पत्र मालकांच्या भाषेत होतं. हॉटेलचे साहेब म्हणजे मॅनेजर. त्यांना त्यात दोन शब्द ओळखीचे वाटले, लॉन्ड्री आणि शंभर टक्के. एवढ्यावर त्यांनी सत्कार आहे असं ताडलं आणि हॉल सजवायला सांगितलं. कंपनीने त्या दिवसासाठी एक दुभाषीही पाठवला होता, तो बाईंच्या आधीच पोचला. साहेबांनी त्याला हॉलच्या दारातच अडवलं.

"आमच्याकडे शंभर टक्के लोकांना भाषा येते," साहेब म्हणाले. "तुम्हाला आत बसवलं तर आमच्या माणसांचा अपमान होईल."

दुभाष्याने एकदा साहेबांकडे आणि एकदा आत बसलेल्या बारा जणांकडे पाहिलं. मग त्याने चहा घेतला आणि तो घरी गेला. शहाणा माणूस होता.

तात्पुरतीला समारंभाचं बोलावणं नव्हतं. रोजंदारीची माणसं फोटोत आलेली बरी दिसत नाहीत. पण ऐन वेळी व्यासपीठावरच्या टेबलाच्या कापडाला एक चुणी दिसली आणि हातातली वाफेची इस्त्री घेऊन तिला वर पिटाळण्यात आलं. ती चुणी काढत होती तेवढ्यात बाई हॉलच्या दारात आल्या. साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं आणि तात्पुरती इस्त्रीसकट पडद्यामागे झाली. जाता जाता तिने मुकादमांकडे पाहिलं. मुकादमांनी मान डोलावली. आठवण आहे, असा त्याचा अर्थ होता.

मोठ्या बाई अंगाने बारीक होत्या, केस पांढरे, कोट करडा. त्यांनी पर्समधून एक कागद काढला, पण वाचला नाही. तो बाजूला ठेवून त्या बोलायला लागल्या. बोलणं सावकाश आणि शब्द साधे. धड्यांची यादी बघून तसं ठरवूनच आल्या असाव्यात. पडद्यामागे तात्पुरतीला शब्दन् शब्द कळत होता आणि पहिल्या वाक्याला तिला नुसता आनंदच झाला. खऱ्या माणसाच्या तोंडून ही भाषा ती पहिल्यांदा ऐकत होती, आणि तीत अस्वल नव्हतं.

"मी आनंदाची बातमी घेऊन आलेली नाही," बाई म्हणाल्या. "मला सांगितलं होतं की पत्र पाठवून द्या. पण तुम्ही वर्षभर खपून आमची भाषा शिकलात. अशा माणसांना नुसतं पत्र पाठवणं मला बरं वाटलं नाही."

त्या थांबल्या तशा साहेबांनी टाळ्या सुरू केल्या. बारा जणांनी त्या उचलून धरल्या.

"पुढच्या महिन्यापासून ही लॉन्ड्री बंद करावी असा कंपनीचा विचार आहे. चादरी बाहेरच्या कारखान्यात धुतल्या जातील. तुम्हा बाराजणांचं इथलं काम संपेल."

पुन्हा टाळ्या. काकूंनी शेजारच्या माणसाच्या कानात "किती गोड बोलतात!" म्हटलं, ते पडद्यामागेही ऐकू आलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"तुमचं मन फार मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे एक नियम आहे. कामगारांच्या संमतीशिवाय खातं बंद करता येत नाही. तुमच्यातल्या एकाने जरी नाही म्हटलं तरी आम्हाला थांबावं लागेल आणि पुन्हा बसून बोलावं लागेल. घाई करू नका. नाही म्हणायला घाबरू नका. ज्यांना मान्य असेल त्यांनीच हात वर करा."

आणि धड्यातल्यासारखं स्पष्ट कळावं म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला.

साहेबांनी तो हात पाहिला. मोठ्या माणसाने हात वर केला की आपणही करावा, एवढी अक्कल त्यांना नोकरीने शिकवली होती. त्यांचा हात वर गेला. साहेबांचा पाहून मुकादमांचा गेला, मुकादमांचा पाहून सगळ्यांचे. फोटोवाला पुढे सरसावला तसे काकूंनी दोन्ही हात वर केले.

तात्पुरती पडदा सारून बाहेर आली. हातातली इस्त्री अजून वाफ सोडत होती.

"अहो, हात खाली घ्या!" ती ओरडली. "लॉन्ड्री बंद करताहेत! तुम्हाला काढताहेत! त्या विचारताहेत मान्य आहे का, आणि तुम्ही हो म्हणताय! एकाने नाही म्हटलं तरी थांबणार आहेत. मुकादम, हात खाली घ्या!"

फोटोवाल्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या हॉलमध्ये तात्पुरतीला भाषा येते हे बारा माणसांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल, पण त्यांना होतं, कारण त्यांच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तिचाच आवाज होता. ती बोलतेय ते खरं आहे, हे त्या बाराही चेहऱ्यांवर एका क्षणात दिसलं. मुकादमांचा तर रंगच उडाला. काकूंचे हात हळूहळू खांद्यापर्यंत खाली आले.

"का हो काकू?" साहेबांनी हसून विचारलं. "तुम्हाला नाही का कळलं बाई काय म्हणाल्या ते?"

काकूंचे हात पुन्हा वर गेले.

हात खाली घेणं म्हणजे वर्षभराची प्रमाणपत्रं खोटी, असं साहेबांसमोर, पाहुणीसमोर आणि कॅमेऱ्यासमोर कबूल करणं होतं. नोकरी जाईल ती पुढच्या महिन्यात. अब्रू आत्ता जात होती. माणूस जवळचं नुकसान आधी टाळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथे तर बारा मुठी उघड्या होऊन हवेत उभ्या होत्या, तरी झाकलेल्याच होत्या.

"आम्हाला कळतंय सगळं," मुकादम तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू आपलं काम बघ."

बाईंनी तात्पुरतीकडे वळून आपल्या भाषेत विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी इथे नऊ वर्षं काम करते," तात्पुरतीने त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. तिच्या तोंडून ती भाषा आली आणि बाईंचे डोळे मोठे झाले. "माझं 'नाही' लिहून घ्या. मला मान्य नाही. आणि यांना तुमचं बोलणं कळलेलं नाही."

बाईंनी यादी काढली. चष्मा लावून वरून खाली आणि खालून वर पाहिली. "तुमचा कर्मचारी क्रमांक काय?"

"क्रमांक नाही."

"मग तुमचं 'नाही' मला लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. चांगल्या माणसांना वाईट वाटतं, त्याने यादी बदलत नाही. तरी त्या बारा जणांकडे वळल्या आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "माझं बोलणं तुम्हाला कळलं ना?"

"हो!" बाराही जण म्हणाले.

तो एक शब्द सगळ्यांना येत होता. नोकरीत तेवढाच लागतो.

साहेब तोवर तात्पुरतीच्या कोपराला धरून तिला दाराकडे नेत होते. "रोजंदारीची आहे," ते बाईंकडे बघून हसत हसत, आपल्याच भाषेत सांगत होते. "प्रमाणपत्रसुद्धा नाही हो तिच्याकडे. तिला काय कळतंय!"

तळघराच्या जिन्यावर तात्पुरती मधल्याच पायरीवर बसली. तिला सगळ्यांचा भयंकर राग आला होता. साहेबांचा, मुकादमांचा, त्या पांढऱ्या केसांच्या भल्या बाईचा. पण राग ओसरत गेला तसं खालून दुसरंच काही वर आलं आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. तिने धडे केले नसते तर बारा जण नापास झाले असते. नापास झाले असते तर दुभाषी हॉलमध्ये बसला असता. बारा माणसांची जीभ तिने स्वतःच, चाळीस चाळीस अभ्र्यांना, थोडी थोडी करून काढून घेतली होती. वरून टाळ्यांचा आवाज आला. फोटो निघाला असावा.

आठ दिवस लॉन्ड्रीत तिच्याशी कोणी बोललं नाही. तिने फोटो बिघडवला होता. शिवाय ती म्हणाली ते खरं असण्याची शक्यता कोणालाच आवडत नव्हती, आणि न आवडणारी गोष्ट बोलणाऱ्याचं तोंडही आवडेनासं होतं. नवव्या दिवशी पाकिटं आली. बारा पाकिटं, प्रत्येकावर क्रमांक. आत पत्र होतं, मालकांच्या भाषेत. का नसावं? घेणारा प्रत्येक जण प्रमाणपत्रधारक होता.

पत्रं उलटी झाली, सुलटी झाली, उजेडाला धरून झाली. मग काकू उठल्या आणि आपलं पत्र इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला, जिथे रोज फोन ठेवत तिथे, नेऊन ठेवलं. त्यांच्यामागून बाकीचे. सगळ्यांत शेवटी मुकादम. बारा पत्रं ओळीने लागली.

तात्पुरतीने प्रेसचं पेडल सोडलं आणि पहिलं पत्र उचललं.

"'आपण एकमताने दिलेल्या संमतीबद्दल कंपनी आपली ऋणी आहे,'" ती वाचत गेली. "'महिनाअखेर लॉन्ड्री बंद होईल. आपली सेवा त्या दिवशी संपेल. आपल्यापैकी एकाचाही नकार नोंदला गेला असता तर हा निर्णय स्थगित झाला असता. असा नकार आला नाही, याची कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली आहे.'" ती थांबली. पुढची ओळ तिने आधी मनात वाचली, आणि मग मोठ्याने वाचली, कारण बाकी सगळं वाचलं होतं. "'टेबलांची कापडं आणि पाहुण्यांचे कपडे एवढं किरकोळ काम हॉटेलातच राहील. त्यासाठी सध्याची एक रोजंदारी कामगार पुरेशी आहे. तिला कायम करण्याची आवश्यकता नाही.'"

मग वॉशिंग मशीनवाला म्हणाला, "आता माझं वाच."

"सगळी एकच आहेत."

"माझ्यात वेगळं असेल एखाद वेळेस. वाच ना."

तिने त्याचं वाचलं. मग तिसऱ्याचं. सगळ्यांना आपापलं ऐकायचं होतं. एकच पत्र तिने बारा वेळा मोठ्याने वाचलं, आणि तिला कायम करण्याची आवश्यकता नाही हेही बारा वेळा मोठ्याने वाचलं. चौथ्या पत्रानंतर तिला कागदाकडे बघावंसुद्धा लागलं नाही.

मुकादमांचं पत्र शेवटी होतं. ते संपल्यावर म्हणाले, "ती नकाराची ओळ पुन्हा वाच."

तिने वाचली.

"एकाचाही?"

"एकाचाही."

मुकादमांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मला कळलं होतं ग," ते म्हणाले. "तू ओरडलीस तेव्हाच कळलं होतं."

"माहीत आहे मला."

"आणि तुझं साहेबांच्या कानावर घालायचं... तेही राहूनच गेलं."

तेवढ्यात भिंतीशी टांगलेल्या त्यांच्या पिशवीत खारूताईने गळा काढला. आजचा धडा व्हायचा होता. सवयीने मुकादम पिशवीकडे वळले, सवयीने तात्पुरतीचा हात पुढे आला, आणि दोघंही थांबले. फोन पिशवीतच राहिला. तो रडत होता तोवर मुकादम इस्त्रीच्या टेबलाशी आले आणि तिच्या पुढ्यातल्या ढिगातून मोजून अभ्रे उचलायला लागले.

"राहू द्या मुकादम," ती म्हणाली.

"का? वाचून दिलंस ना," ते म्हणाले.

त्यांनी चाळीस अभ्रे केले. मग काकू आल्या आणि त्यांनी चाळीस उचलले. एकेक करून बाकीचेही उठले. संध्याकाळपर्यंत ढीग संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी आल्या, तेव्हा तात्पुरती नेहमीसारखी दारात उभी राहिली आणि आज आत घेतात की नाही, याची वाट पाहू लागली.